कुंडीतले लिंबू पिवळे पडतेय? खत थांबवा, आधी नर्सरीचा गोळा तपासा

ताई, तुम्ही लिहिलेय ते असे: पुण्यात गच्चीवर १८ इंची कुंडी, नर्सरीतून आणलेले कागदी लिंबू, दीड वर्ष झाले, पाणी टँकरचे. फुले येतात, मिरीएवढी फळे धरतात आणि गळतात. पाने पिवळी. शेजारचा मोगराही तसाच रुसलेला. आणि वरची माती ओली असूनही लिंबू दुपारी मान टाकते.

या शेवटच्या वाक्यामुळे उत्तर लिहायला घेतले, कारण हेच दुखणे माझ्या गच्चीवर फार काळ मुक्कामाला होते. ऊन किती, कुंडीला भोके किती, हे सोडून देते. दीड वर्ष झाड जगवलेत म्हणजे तेवढे तुम्हाला ठाऊक आहे.

एक बांबूची काडी किंवा विणकामाची सुई घ्या. पाणी घातल्यावर तासाभराने ती आधी कुंडीच्या कडेला वीतभर खोल घाला, मग बुंध्यापासून तीन-चार बोटांवर तेवढीच खोल. कडेला सहज गेली आणि ओली निघाली, पण बुंध्याजवळ अडली आणि कोरडी निघाली, तर आजार खताचा नाही. नर्सरीच्या पिशवीतला चिकणमातीचा गोळा तुमच्या भुसभुशीत मिश्रणात जसाच्या तसा बसलेला आहे.

नर्सरीवाले लाल किंवा काळी चिकट माती मुद्दाम वापरतात. टेम्पोत पिशव्या एकावर एक रचल्या तरी गोळा फुटत नाही, आणि ओलावा धरून ठेवत असल्याने रोज पाणी द्यावे लागत नाही. त्यांच्या धंद्याला ते सोयीचे. आपल्या कुंडीत मात्र एकाच भांड्यात दोन वेगळ्या जमिनी होतात. चिकणमाती वाळली की आकसते आणि दगडासारखी होते, भोवती फट पडते. वरून ओतलेले पाणी त्या फटीतून आणि बाजूच्या कोकोपीटमधून सरळ खाली जाते. मुळे गोळ्यात, पाणी गोळ्याबाहेर. पावसाळ्यात याच्या उलट होते: महिनाभर भिजलेला गोळा पाणी सोडत नाही, आत हवा शिरत नाही आणि मुळे कुजतात. लिंबूवर्गात पुढे बुंध्यातून डिंक गळू लागतो, तो डिंक्या. म्हणजे उन्हाळ्यात तहान आणि पावसाळ्यात गुदमरणे. असे झाड फळे धरून ठेवील तरी कसे?

आणि यावर सल्ला काय मिळतो? "गोळा अजिबात फोडू नका, झाड मरेल." आमच्याकडच्या एका मोठ्या नर्सरीत पिवळी पाने नेऊन दाखवली की आजही हेच ऐकवतात आणि वर टॉनिकची बाटली हातात देतात. बाटली संपली की दुसरी, मग "पाणी कमी करा", मग "पाणी वाढवा", शेवटी "नवीन रोप न्या", आणि ते नवीन रोपही त्याच मातीच्या गोळ्यात. मला याचा मनापासून राग येतो, कारण लोक त्यात पैशांबरोबर दोन-तीन बहार घालवतात आणि शेवटी "आमच्या हाताला झाड लागत नाही" म्हणून बाग सोडून देतात. भर मे महिन्यात गोळा फोडला तर झाड मरते, हे खरे. योग्य वेळी आणि बेताने फोडला तर मरत नाही.

लिंबासाठी दोन वेळा चांगल्या. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीमध्य, नवी पालवी फुटण्याआधी. किंवा जूनअखेर ते जुलै, हवा ढगाळ असताना. फेब्रुवारीत केलेत तर आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, गमवावा लागेल. गमवा.

दोन दिवस आधी झाडाला व्यवस्थित पाणी द्या. कुंडी आडवी करून झाड बाहेर काढा, भोवतीचे मिश्रण हाताने झाडा. आतला गोळा बादलीभर पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा. चिकणमाती मऊ पडते. मग पाइपच्या हलक्या धारेने आणि बोथट काडीने कडेची आणि तळाची माती सोडवत जा. लिंबाच्या बाबतीत एका वेळी बाहेरचा तिसरा हिस्सा, फार तर निम्मा गोळा काढायचा. बुंध्याखालचा गाभा पुढच्या वर्षासाठी ठेवायचा. लिंबू बारा महिने पानात असते, सगळी बारीक मुळे एकदम गेली तर पानांना पाणी पुरवायला कोणी उरत नाही. तळाशी वेटोळे घातलेले मुळ दिसले तर धारदार कात्रीने कापून टाका. ते सरळ करून परत पुरण्यात अर्थ नाही, पुन्हा गोल फिरते. राहिलेल्या गाभ्यालाही बाजूने तीन-चार उभ्या चिरा द्या. मुळे कुजकी आणि वासाची असतील, साल ओढल्यावर निघून दोऱ्यासारखा भाग उरत असेल, तर पांढऱ्या भागापर्यंत छाटा. हे सगळे सावलीत आणि मुळे ओली ठेवून.

मिश्रण मापाने सांगते. बागेची माती ३ घमेली, भिजवलेले कोकोपीट ३, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत ३, आणि १ घमेले परलाइट किंवा हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे. त्यात १८ इंची कुंडीसाठी १०० ग्रॅम निंबोळी पेंड. कोकोपीट दोनदा भिजवून पिळून घ्याच, त्यात क्षार असतात. क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) वापरणार असाल तर धुऊन घ्या, तिची भुकटी सिमेंटसारखी बसते. गाभा आणि नवे मिश्रण यांच्यात पोकळी राहू नये म्हणून काडीने भरत जा, पण पायाने किंवा मुठीने दाबू नका.

तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर घालायची पद्धत सर्रास आहे. माझ्या मते ती बंद करावी. बारीक मिश्रणातले पाणी खालच्या जाड थरात सहज उतरत नाही, थराच्या वरच साचून राहते. निचरा वाढायच्या ऐवजी ओली पट्टी वर सरकते आणि मुळांची जागा कमी होते. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरे.

झाड आधीपेक्षा खोल लावू नका. सर्वांत वरची मुळे मातीच्या पृष्ठभागाशी हवीत, आणि डोळा भरलेले कलम असेल तर त्याचा जोड मातीच्या वर वीतभर तरी उघडा राहू द्या. जोडाच्या खालून फुटणारे जोमदार, काटेरी फुटवे खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या खालच्या झाडाचे, असतात, ते दिसले की मुळाशी मोडायचे. नाहीतर एक दिवस तुमच्या कुंडीत लिंबाऐवजी जंबेरी, म्हणजे खुंटासाठी वापरतात ते रानटी लिंबू, उभी असते.

मग फांद्यांचा साधारण तिसरा हिस्सा छाटा. फुले-फळे सगळी काढा, जीव तुटला तरी. भरपूर पाणी देऊन १०-१५ दिवस हिरव्या नेटखाली ठेवा. नवी फूट दिसेपर्यंत, म्हणजे साधारण महिनाभर, खत नाही. या काळात काही पाने गळतील. फांदी नखाने खरवडून आत हिरवी दिसत असेल तोवर घाबरू नका.

आत्ता भर उन्हाळा असेल तर वरचे काहीच करू नका. गोळ्यात सायकलच्या स्पोकने बुंध्याभोवती सहा-आठ भोके वीतभर खोल पाडा, मुळे टाळून, आणि पाणी बुंध्याजवळ थेंबथेंब सोडा. झाकणाला बारीक भोक पाडून उलटी रोवलेली लिटरची बाटली पुरते. कडक झालेला गोळा एकदम ओतलेले पाणी घेत नाही, हळू दिलेले घेतो.

मोगऱ्याचे काम त्यामानाने सोपे. जानेवारीत छाटणीबरोबर त्याची माती जवळजवळ पूर्ण धुऊन बदलली तरी तो सहन करतो.

आता टँकरचे पाणी. गोळा सुटल्यावरही नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या अशी दिसली तर लोहाची कमतरता समजा. टँकरचे पाणी बहुधा जड, म्हणजे क्षारांचे, असते आणि त्याने मातीचा सामू (पीएच) वाढतो. लोह मातीत असते, पण झाडाला उचलता येत नाही. इथे दुकानदार ईडीटीए चिलेटेड लोह (ईडीटीए या रसायनाने बांधून ठेवलेले लोह) देतो. ते जास्त सामूच्या मातीत टिकत नाही, फवारणीलाच ठीक, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम. मातीत द्यायला ईडीडीएचए प्रकारचे मागा. महाग असते, पण १८ इंची कुंडीला ५ ग्रॅम पाण्यात विरघळवून पुरते. पाने लहान, अरुंद आणि ठिपक्याठिपक्यांनी पिवळी असतील तर जस्त: लिटरला ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुना, गाळून फवारा. जुनी पाने पिवळी पण देठाशी हिरवा त्रिकोण उरलेला असेल तर मॅग्नेशियम सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम. फक्त जुनी पाने सरसकट फिकट असतील तर साधा नत्राचा तुटवडा आहे. मी कृषी पदवीधर नाही, मात्रा पाकिटावर वेगळी असेल तर पाकिटाचे ऐका, आणि सगळे एकदम फवारू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतोय का? ते क्षार आहेत. पावसाळ्यात गच्चीचे पाणी पिंपात धरा आणि कुंडीच्या मापाच्या दुप्पट पाणी हळूहळू तिच्यातून वाहू द्या. वर्षातून दोनदा केले तरी फरक दिसतो. कुंडीत अंड्याची टरफले घालत असाल तर मात्र कृपा करून थांबवा; टँकरच्या पाण्यात बहुधा आधीच चुना भरपूर असतो, त्यात आणखी कशाला?

फुलगळीबद्दल इतकेच की लिंबाला येणाऱ्या फुलांपैकी बहुतेक गळतातच, ते आजारपण नाही. मिरीएवढी फळे गळणे हे बहुधा पाण्याच्या चढउताराचे लक्षण असते. बहारासाठी ताण द्यायचा, म्हणजे फुले यावीत म्हणून काही काळ पाणी तोडायचा, सल्ला शेतातल्या झाडांचा आहे. कुंडीत दोन-चार दिवसांत ताण बसतो, पाने किंचित मलूल झाली की थांबायचे. तुमच्या झाडाला यंदा मुळीच ताण देऊ नका, त्याने दीड वर्ष पुरेसा भोगला आहे.

नवीन रोप घ्यायचे ठरवलेच तर आधी विचारा: बियांपासूनचे की गुटीचे (झाडावरच फांदीला मुळे फोडून केलेले)? बियांच्या कागदी लिंबाला फळ धरायला चार-पाच वर्षे सहज लागतात, गुटीला त्यापेक्षा बरीच कमी. जातीत राहुरीच्या कृषी विद्यापीठाची साई शरबती किंवा फुले शरबती मागा. आणि पिशवी दाबून पाहा. विटेसारखी लागली तर पुढच्या नर्सरीत जा. कोकोपीटमध्ये वाढवलेले रोप पन्नास रुपये महाग असले तरी घ्या.

गच्चीच्या वजनाचे कोणी बोलत नाही म्हणून सांगते: अशी कुंडी साधारण ४० लिटरची, या मिश्रणाने ओली भरली तर ४०-४५ किलो, नुसत्या मातीने ६५-७० किलोपर्यंत जाते. मोठ्या कुंड्या तुळईच्या रेषेवर किंवा खांबाजवळ ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको.

काडीची तपासणी आधी करा आणि काय निघाले ते लिहा. फोटो टाकणार असाल तर फांदीच्या टोकाचे एक नवे पान आणि खालचे एक जुने पान शेजारी ठेवून, सावलीत काढलेला टाका. लांबून काढलेल्या पूर्ण झाडाच्या फोटोवरून लोह की नत्र हे सांगता येत नाही.