गोव्यात राहायला यायचंय? आधी जुलैत या

वाचकांचे प्रश्न : घर, गाव आणि कागदपत्रं

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त, मुक्काम सांगली. दर हिवाळ्यात गोव्यात आठवडाभर राहून जातो. आता कायमचंच यावं असं मनात आहे, पण कुठे यावर घरात एकमत नाही. यजमानांना समुद्र हवा, म्हणजे मोरजी-मांद्रे. मला देवळं, नाटकं आणि मराठी बोलणारा शेजार हवा, म्हणून फोंडा. एजंट साखळीचं एक स्वस्त घर सुचवतो आहे. ठरवायचं कसं? – निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : तुम्ही गोवा पाहिलाय तो डिसेंबर-जानेवारीतला. त्या दिवसांत कुठलंही घर चांगलंच दिसतं. पणजीला वर्षाकाठी साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. म्हणून निदान जुलैचा पूर्ण महिना भाड्याने राहा. जमलं तर नाताळ ते नववर्ष हे दिवसही त्याच गावात काढा, कारण किनारपट्टीचं खरं रूप तेव्हा कळतं : रस्ते तुंबलेले, रात्री उशिरापर्यंत आवाज आणि भाजीचे भाव पर्यटकांच्या हिशेबाने. या दोन मुक्कामांच्या भाड्याहून अधिक पैसे घर घेताना नुसत्या मुद्रांक शुल्कात जातात.

जुलैत घर पाहायचं ते पश्चिमेच्या भिंतीपासून. झड तिथेच लागते. गोव्यातली जुनी घरं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिरा सच्छिद्र असतो, गिलावा फुटला की पाणी पितो आणि ऑक्टोबरपर्यंत वाळत नाही. भिंतीच्या तळाशी हात-दीड हात उंचीवर रंगाचे पोपडे आणि पांढरी पूड दिसली, तर ओल जमिनीतून वर चढते आहे. वरून कितीही वॉटरप्रूफ रंग मारा, पुढच्या वर्षी तो गळून पडणार. छताखालचा ओला डाग मात्र कौल किंवा स्लॅबची गळती दाखवतो. तो दोष तुलनेने सोपा. स्वयंपाकघरात सिंकखालचं कपाट उघडून प्लायवूड फुगलंय का ते बघा, कारण एजंट घर रंगवून घेतो, ते प्लायवूड मात्र सहसा बदलत नाही. एक साधा आर्द्रतामापक आणून कपड्यांच्या कपाटात ठेवा. काटा दिवसेंदिवस ७० टक्क्यांच्या वर राहिला तर बुरशी येणारच. मग कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं, दार जाळीचं करणं किंवा हवेतली ओल खेचणारं यंत्र लावणं, हा खर्च घराच्या किमतीत धरा.

पाणी आणि वीज यांची चौकशी घरमालकाकडे नको, शेजाऱ्यांकडे करा. नळ दिवसातून किती तास, एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावा लागतो का, विहीर असली तर मे महिन्यात किती पाणी उरतं? दर माणशी दिवसाला १३५ लिटर या सरकारी मापाने दोघांना तीन दिवसांसाठी आठशे लिटर लागतात, म्हणजे हजार लिटरची टाकी हवीच. विजेचा दाब संध्याकाळी सात-आठच्या सुमारास मोजा. २३० च्या जागी २०० व्होल्टच्या खाली जात असेल तर फ्रिज आणि पंप दोन्ही अडचणीत येतात.

आता गावं. मोरजी-मांद्र्यात समुद्र आहे, पण हंगामात शेजारी दर आठवड्याला बदलतात. खाऱ्या वाऱ्याने एसीच्या बाहेरच्या जाळ्या, नळ, बिजागऱ्या, गाडीचा पत्रा सगळं गंजतं, त्यामुळे देखभालीचा खर्च चढाच राहतो. समुद्र हवाच असेल तर त्याच पेडणे तालुक्यात दोन-चार किलोमीटर आत सरका. मोपा विमानतळ आणि पेडण्याचं रेल्वेस्थानक जवळ पडतं, भाडंही कमी. साखळीचा बाजार चांगला, रवींद्र भवन आहे, मराठी शेजार मिळेल. पण वाळवंटी नदीला पूर येतो तेव्हा पाणी बाजारापर्यंत येण्याची भीती असते. एजंटचं घर स्वस्त का, याचं उत्तर कदाचित तिथेच सापडेल. शेजारच्या दुकानदाराला विचारा, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं. तो बोटाने दाखवेल.

तुमच्या गरजा पाहता आमचा कौल फोंड्याला. कवळे, म्हार्दोळ, मंगेशी हाकेच्या अंतरावर, राजीव गांधी कला मंदिरात नाटकं, बसस्थानकावरून पणजी-मडगावच्या बस. रेल्वे मात्र फोंड्यात नाही, करमळी किंवा मडगाव गाठावं लागतं. आणि एक चाचणी चुकवू नका : निवडलेल्या घरापासून बांबोळीच्या गोमेकॉपर्यंत, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळापर्यंत, सकाळी नऊ वाजता गाडीने जाऊन वेळ मोजा. दुपारी तीनचा वेळ धरू नका, तो फसवा असतो. खेड्यातल्या बस रात्री लवकर संपतात, रविवारी आणि चवथीच्या दिवसांत फेऱ्या आणखी कमी होतात. आणि शहरात मोबाइलवर मागवताच टॅक्सी दारात येते, ती सवय इथे धरून चालू नका.

आरोग्य विमा बंद करू नका. राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना निदान पाच वर्षं गोव्यात राहिलेल्यांसाठी आहे.

प्रश्न : दोघंही घरून काम करतो. पर्वरीत फ्लॅट मिळतोय, मालक अकरा महिन्यांचा करार देतोय, पण 'डिसेंबरात थोडं बघू' असं म्हणतो. मुलगी पुढल्या वर्षी पहिलीत. तिला मराठी शाळा मिळेल का? – संगणक अभियंता, पुणे

उत्तर : 'थोडं बघू' याचा अर्थ हंगामात तो फ्लॅट पर्यटकांना रोजाने द्यायचा आहे. जून ते सप्टेंबर स्वस्तात भाडेकरू ठेवायचा आणि ऑक्टोबरात निघा म्हणायचं, ही किनारपट्टीजवळची जुनी रीत. करारात आरंभ आणि शेवट दोन्ही तारखा घाला, मुदतीत घर रिकामं करायला सांगितल्यास किती महिन्यांची नोटीस आणि अनामत किती दिवसांत परत, हेही लिहून घ्या. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करार मुदत कितीही असो, नोंदवावाच लागतो; इथे अकरा महिन्यांचा करार स्टॅम्प पेपरवर नोटरीपुढे करून भागवतात. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा मात्र नोंदवायला हवा. पोलीस ठाण्यात भाडेकरू पडताळणीचा अर्ज मालकाकडून भरून घ्या आणि पोच तुमच्याकडे ठेवा. मालक टाळाटाळ करू लागला तर दुसरा फ्लॅट बघा.

इंटरनेट फायबरचं मिळतं, पण केबल विजेच्या खांबांवरून येते आणि पावसाळ्यात झाड पडलं की दोन्ही एकदम जातात. म्हणून दुसरं कनेक्शन वेगळ्या कंपनीचं घेताना त्याची केबल वेगळ्या बाजूने येते ना, हे पाहा. एकाच खांबावरच्या दोन केबल म्हणजे एकच केबल. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की दोन-चार तास निघतात.

शाळेचं असं आहे : गोव्यात मराठी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळा गावोगाव आहेत, पण कित्येकांचा पट घटला आहे. जिथे एकच शिक्षक दोन-तीन वर्ग एकत्र बसवतो तिथे मुलीला सोबतीच मिळणार नाहीत. शाळेत गेल्यावर इमारत पाहू नका, पहिली ते चौथीचा पट आणि शिक्षक किती ते विचारा. पाचवीपासून बहुतेक हायस्कुलं इंग्रजी माध्यमाची आहेत. चौथीनंतरचं हे माध्यमांतर आधीच लक्षात ठेवा आणि चौथीपर्यंत इंग्रजी वाचन घरी सुरू ठेवा.

प्रश्न : डिचोली तालुक्यात चिऱ्याचं जुनं घर जमिनीसकट विकत घ्यायचंय. दलाल म्हणतो, 'एक-चौदावर मालकाचं नाव आहे, सगळं क्लिअर'. एवढ्यावर टोकन द्यावं का? – वाचक, कोल्हापूर

उत्तर : देऊ नका. एक-चौदाचा उतारा, म्हणजे तुमच्याकडच्या सातबाऱ्यासारखा कागद, हा मुख्यतः जमीन कुणाच्या ताब्यात आहे हे सांगतो, एवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. पण तो वाचायचा मात्र नीट. कब्जेदाराच्या नावाखाली कुळाचा रकाना असतो, इतर हक्कांचा असतो. तिथे एखादं नाव दिसलं तर थांबा. कूळ कायदा १९६४ चा आणि मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा १९७५ चा. जमिनीच्या कोपऱ्यात झोपडीवजा घर करून पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मुंडकार तुम्हाला बाहेर काढता येत नाही, उलट त्याला राहती जागा विकत घेण्याचा हक्क आहे. नाव उताऱ्यावर नसतानाही माणूस प्रत्यक्ष राहत असू शकतो. म्हणून जागेवर जाऊन चुली मोजा.

दुसरा आणि सगळ्यात जास्त व्यवहार अडवणारा मुद्दा सह्यांचा. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा चालतो. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक, म्हणून विक्रीला दोघांच्या सह्या लागतात. मूळ मालक वारला असेल तर सगळे वारस आले आणि त्या प्रत्येकाचा जोडीदारही आला. सहा भावंडांच्या घरात बारा सह्या लागतात, त्यातली एक बहीण मुंबईत, एक भाऊ लिस्बनमध्ये. 'त्यांचं आमचं बोलणं झालंय' यावर टोकन द्यायचं नसतं. वारस ठरवणारा दस्त नोटरीकडे झालाय का, किंवा न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे वारस आणि मालमत्तेची यादी, होऊन वाटणी झालीय का, ते मागा. नसेल तर आधी ते विक्रेत्याने करून द्यावं. त्याला महिने लागतात, वर्षंही लागतात.

मग जमिनीचा प्रकार. नगरनियोजन खात्याकडून त्या सर्व्हे नंबरचा झोनिंग दाखला काढा. सेटलमेंट, म्हणजे वस्तीचा, झोन असला तरी बिगरशेतीची सनद आहे का, ते पाहा, नाहीतर घराला पुढे एक खोली वाढवणंही कठीण. भातशेतीचा तुकडा सोबत देऊ म्हणत असतील तर २०२३ च्या कायद्याने तो शेतकरी नसलेल्याला हस्तांतरित करण्यावर बंदी आहे. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावकऱ्यांच्या जुन्या सामूहिक संस्थेची, असेल तर विषयच वेगळा, वकिलाशिवाय पुढे जाऊ नका. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, पंचायतीचा घर नंबरही नव्हे. सबरजिस्ट्रारकडून बोजा नसल्याचा दाखला निदान तीस वर्षांचा घ्या आणि सर्व्हे नकाशा हातात धरून हद्दीचे दगड प्रत्यक्ष शोधा. झाडीत ते बरेचदा सापडत नाहीत, मग विक्रेत्याच्या खर्चाने मोजणी करून घ्या.

वकील तुम्ही निवडलेला हवा, दलालाने सुचवलेला नको. आणि तो पोर्तुगीज काळातले नोंदणीचे कागद वाचू शकणारा असला पाहिजे, हे पहिल्या भेटीतच विचारून घ्या.

प्रश्न : गाडी एमएच पासिंगची आहे. गोव्यात नंबर बदलावाच लागतो का? – वाचक, साताऱ्याहून म्हापशाला आलेले

उत्तर : बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी इथे ठेवणार असाल तर लागतो. आधी साताऱ्याच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत दाखला. त्यासाठी विमा आणि पीयूसी चालू हवी, दंडाची चलनं भरलेली हवीत, कर्ज असेल तर बँकेचंही पत्र हवं. चेसिस नंबरची पेन्सिलप्रिंट लागते. पावसाळ्यात चेसिसला गंज धरला की तो नंबर उमटत नाही, तेव्हा आधी तेवढा भाग पुसून घ्या. मग इथे फॉर्म २७, गाडीची तपासणी आणि वयानुसार घटलेल्या किमतीवर गोव्याचा रस्ता कर. तो भरून नवा नंबर मिळाला की महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी कराच्या उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो. मूळ पावती मात्र सांभाळून ठेवलेली हवी. बीएच मालिकेचा, म्हणजे सगळ्या राज्यांत चालणारा, नंबर असता तर ही उठाठेव वाचली असती.