पॅनल रूम नवी करताय? आधी पॅनलवर बसणाऱ्याला विचारा

प्रश्न : मी लोटे एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत पॅनल ऑपरेटर आहे, म्हणजे कंट्रोल रूममध्ये स्क्रीनसमोर बसून प्लांट चालवतो. पावसाळ्यात वीज कडाडली की पॉवर डिप होतो (व्होल्टेज क्षणभर पडतं), दोन-चार मोटरी ट्रिप होतात म्हणजे आपोआप बंद पडतात आणि डीसीएसवर (प्लांट चालवायच्या कॉम्प्युटरवर) अलार्मची अशी रांग लागते की वाचायलाही जमत नाही. आम्ही आधी बजर बंद करतो, मग काय झालंय ते शोधतो. आता कंपनी कंट्रोल रूम नवी करतेय, भिंतभर स्क्रीन येणार आहे, साहेब म्हणतात आता चुका व्हायच्या नाहीत. आमच्याकडून लेखी सूचना मागवल्यात. काय लिहून देऊ? – एक वाचक, ता. खेड

उत्तर : दादा, बजर आधी बंद करता ही तुमची चूक अजिबात नाही, एवढे अलार्म एकदम आले तर कुणीही तेच करेल, कारण तो आवाज थांबल्याशिवाय डोकंच चालत नाही. वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत २४ जुलै १९९४ ला हेच झालं होतं. सकाळी विजांचं वादळ, त्याने प्लांट बिघडला, एक व्हॉल्व्ह बंद अडकून बसला पण स्क्रीनवर तो उघडाच दिसत होता, ऑपरेटर पाच तास झगडत राहिले आणि दुपारी स्फोट. शेवटच्या जेमतेम ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते, त्यातले बहुतेक ‘हाय प्रायॉरिटी’चे! २६ जण जखमी झाले, रविवार होता म्हणून जीव वाचले. त्या माणसांना काम येत नव्हतं असं नाही हो, त्यांच्यापुढे जे मांडलं होतं ते कुणालाच वाचता आलं नसतं.

म्हणून सूचनांमध्ये पहिला नंबर स्क्रीनला देऊ नका, अलार्मला द्या. गेल्या पावसाळ्याचा अलार्म लॉग काढायला सांगा, थोडेच टॅग (मोजमापाचे पॉइंट) पुन्हा पुन्हा वाजताना सापडतील, कुठला तरी लेव्हल ट्रान्समीटर (पातळी मोजणारं यंत्र) अलार्मच्या सेटपॉइंटपाशी हेलकावे खातोय आणि दर मिनिटाला कोकलतोय, असले. त्यांना डेडबँड (आकडा थोडा मागे गेल्याशिवाय अलार्म पुन्हा वाजू नये एवढी फट) किंवा थोडा डीले दिला तरी निम्मी कटकट जाते. मग एकेक अलार्म घेऊन विचारा, हा वाजला की मी नक्की काय करायचं? उत्तर नसेल तर तो अलार्म नाही, ती नुसती माहिती आहे, ती लॉगमध्ये जाऊ दे. पंप ट्रिप झाला की त्याच्यामागचे लो फ्लो, लो प्रेशर हे अलार्म आपोआप दबतील असं लॉजिक लावता येतं, पॉवर डिपसाठी तर तुमच्या भागात हे हवंच. मात्र यातलं काहीही शिफ्टमध्ये परस्पर करायचं नाही, सेफ्टी आणि प्रोसेसवाल्यांची सही घेऊन, एमओसी (बदलाची रीतसर तपासणी आणि मंजुरी) करूनच.

साहेबांना आकडे लागतील, तर ब्रिटनमधल्या ईईएमयूए संस्थेची १९१ नंबरची गाइड दाखवा. प्लांट नीट चालू असताना एका ऑपरेटरला १० मिनिटांत साधारण एक अलार्म, आणि गडबड झाल्यावर पहिल्या १० मिनिटांत दहाच्या आत, एवढंच माणसाला झेपतं असं त्यात आहे. हाय प्रायॉरिटी जेमतेम ५ टक्के, मीडियम १५, बाकी सगळे लो. तुमच्याकडे काय प्रमाण आहे ते काढून शेजारी लिहा.

आता मोठी स्क्रीन. ती वाईट नाही, पण तिच्यावर सगळी पीआयडी (पाइप आणि यंत्रांचे नकाशे) चिकटवून रंगीबेरंगी केली तर ती पाहुण्यांना दाखवण्यापुरतीच उरते. अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ ला स्फोटात १५ माणसं गेली, तिथे टॉवरमध्ये माल किती येतोय हे एका स्क्रीनवर आणि किती जातोय हे दुसऱ्या स्क्रीनवर होतं, त्यामुळे टॉवर भरत चाललाय हे एका नजरेत दिसतच नव्हतं. तुमच्या भिंतीवर हेच यायला हवं, आत किती, बाहेर किती, रिअ‍ॅक्टरचं टेंपरेचर कुठल्या दिशेने चाललंय, कूलिंग आहे की नाही. बॅकग्राउंड साधं राखाडी ठेवा, भडक रंग फक्त बिघाडासाठी, आणि नुसत्या रंगावर भागवू नका, सोबत आकार किंवा अक्षर हवंच, कारण लाल-हिरव्यातला फरक न कळणारे पुरुष बरेच असतात. आणखी एक, स्क्रीनवर व्हॉल्व्ह ‘बंद’ दिसतो म्हणजे बंद करायची कमांड गेली की व्हॉल्व्ह खरंच बसला? १९७९ मध्ये थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात दिवा फक्त कमांडचा होता, व्हॉल्व्ह उघडाच राहिला होता आणि ऑपरेटर तो बंद समजून चालले. तुमच्या महत्त्वाच्या व्हॉल्व्हना लिमिट स्विच (व्हॉल्व्ह खरंच कुठे आहे ते कळवणारे) आहेत का, ते लिहून विचारा.

आणि फर्निचरची ऑर्डर जायच्या आधी रिकाम्या खोलीत जमिनीवर टेप मारून, जुनी टेबलं आणि पुठ्ठ्याच्या स्क्रीन मांडून मागच्या पॉवर डिपचा प्रसंग तिन्ही शिफ्टच्या लोकांकडून करून घ्या. वॉकीटॉकी कुठे, फोन कुठे, इमर्जन्सी स्टॉपपर्यंत हात पोचतो का, परमिटवर (कामाच्या परवानगीवर) सही घ्यायला आलेली माणसं पॅनलपुढे गर्दी करतात का (करतातच, त्यांची खिडकी बाहेर काढा). आयएसओ ११०६४ हे कंट्रोल रूमचंच स्टँडर्ड आहे, वापरणाऱ्या माणसाला डिझाइनमध्ये सुरुवातीपासून घ्या असं त्याच्या पहिल्याच भागात आहे, तेव्हा तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात.

प्रश्न : मी रत्नागिरीत इन्स्ट्रुमेंटेशन शिकते. कंट्रोल रूममधल्या माणसाच्या कामावर प्रोजेक्ट करायचाय, पण केमिकल प्लांटमध्ये आत जायला मिळत नाही. – एक विद्यार्थिनी

उत्तर : अगं, मग रेल्वे बघ की! कोकण रेल्वेने पानवल नदीच्या पुलावर वारा मोजायची यंत्रं बसवलीत, तशीच मांडवी, झुआरी आणि शरावतीच्या पुलांवर. पावसाळ्यात कंट्रोल ऑफिस चोवीस तास चालू असतं. वाऱ्याचा आकडा आल्यावर कंट्रोलरने काय ठरवायचं, कुणाला कळवायचं, त्या वेळी आणखी किती फोन चालू असतात, याचा नकाशा कागदावर काढ. रीतसर परवानगी घेऊन बोल त्यांच्याशी. सॉफ्टवेअर नंतर.

प्रश्न : माझे मिस्टर पॅनलवर आहेत. गणपतीत निम्मी माणसं गावी जातात आणि यांना डबल ड्युटी लागते. घरी आल्यावर बोलायचीही ताकद नसते. काळजी वाटते. – एक वाचक, महाड

उत्तर : ताई, काळजी बरोबरच आहे. वर सांगितलेल्या टेक्सास सिटीत काही ऑपरेटर २९ दिवस किंवा त्याहून जास्त सलग, रोज १२ तास काम करत होते, आणि अपघात झाला तो प्लांट सुरू करताना. सणाला रजा मागणं चूक नाही, ती तारीख सगळ्यांना वर्षभर आधी माहीत असते, तेव्हा नियोजन कंपनीने करायचं. मिस्टरांना सांगा, सगळ्यांनी मिळून आत्ताच लेखी मागा : गणपतीच्या आठवड्यात कमीत कमी किती माणसं पॅनलवर हवीत ते ठरवा, आणि तेवढी नसतील तर त्या दिवसांत स्टार्टअप, शटडाउन, नवी बॅच नको. शिफ्ट बदलताना हँडओव्हर तोंडी नको, लॉगबुकमध्ये लिहून, कुठला अलार्म बंद ठेवलाय तेही. आणि डबल ड्युटी झालीच तर हायवेवर बाइकने येऊ देऊ नका, कंपनीची गाडी मागा.