फोन, प्लेअर आणि एकच बॅटरी

प्रश्न : डोंबिवलीहून सीएसएमटीला रोज लोकलने जातो. एमपीथ्री प्लेअर बंद पडलाय. नवा घेऊ, की फोनवरच गाणी ऐकू? फोन संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

उत्तर : गर्दीत एकच वस्तू सांभाळायची, ही फार मोठी सोय आहे. ९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन दाखवला तो फोन, आयपॉड आणि इंटरनेट एकत्र म्हणूनच. २०२२मध्ये अ‍ॅपलने आयपॉड बंदही केला. अडचण इतकीच की कामं चार आणि बॅटरी एक. त्यातही गाणी फारशी बॅटरी खात नाहीत. खातो तो स्क्रीन, आणि धावत्या गाडीत टॉवर बदलत चालणारं स्ट्रीमिंग. गाणी रात्री घरच्या वायफायवर उतरवून ठेवा, गाडीत स्क्रीन बंद ठेवा. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं.

तरीही वेगळा प्लेअर हवाच असेल, तर घरात पडून असलेला जुना अँड्रॉइड फोन वापरा. आधी त्याची पाठ फुगलीय का ते पाहा. फुगली असेल तर तो चार्जिंगलाही लावू नका. नसेल तर फॅक्टरी रीसेट करा, सिम काढा आणि एअरप्लेन मोड लावून फक्त ब्लूटूथ चालू करा. ३२ जीबीचं मेमरी कार्ड भरपूर झालं : ३२० केबीपीएसचं, म्हणजे चांगल्या दर्जाचं एमपीथ्री, पाच मिनिटांचं गाणं साधारण १२ एमबीचं, म्हणजे दोन हजारांहून जास्त गाणी मावतात. कार्ड टाकल्यावर फोनने विचारलं तर ‘पोर्टेबल’ निवडा. ‘इंटर्नल’ निवडलंत तर कार्ड एन्क्रिप्ट होतं आणि दुसऱ्या कुठल्याच फोनवर वाचता येत नाही.

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवरून टाइप-सी ते हेडफोन कनेक्टर आणला. मैत्रिणीच्या फोनवर चालतो, माझ्या फोनवर आवाजच येत नाही.

उत्तर : कनेक्टर बिघडलेला नसावा. काही कनेक्टरमध्ये नुसती तार असते. ते फोनने स्वतः अ‍ॅनालॉग, म्हणजे हेडफोनला थेट वाजवता येणारा, आवाज बाहेर सोडला तरच चालतात. तुमचा फोन बहुधा तो सोडत नाही. डॅक, म्हणजे डिजिटल आवाज अ‍ॅनालॉगमध्ये बदलणारी चिप असलेला कनेक्टर घ्या आणि दुकानातच स्वतःच्या फोनला लावून, गाणं वाजवून पाहा. तोही गप्प राहिला तर सेटिंगमध्ये ‘ओटीजी’, म्हणजे फोनला बाहेरचं यूएसबी उपकरण जोडू देणारी सोय, शोधा. काही फोनमध्ये ते हाताने चालू करावं लागतं आणि दहा मिनिटं वापर नसला की आपोआप बंद होतं.