सायनसखालचा इम्प्लांट लांब हवा की जाड?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, वय ५८, सातपूर एमआयडीसीत टर्नर होतो, आता रिटायर. वरच्या डाव्या दोन दाढा काढून बरीच वर्षं झाली. नाशिकरोडचे एक डॉक्टर म्हणतात सायनसखाली (दाढांच्या वरची हवेची पोकळी) हाड ७ मिलिमीटरच उरलंय, सायनस लिफ्ट करून, म्हणजे पोकळीचा तळ वर उचलून तिथे हाड भरून, लांब इम्प्लांट (हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू) टाकू. कॉलेज रोडचे दुसरे म्हणतात लिफ्ट नको, ६ मिलिमीटरचे दोन बसवू. आमच्या लाइनीत बोल्ट जितका खोल तितकी पकड, मग एवढासा टिकेल कसा? आणि रात्री मी दात खातो असं मिसेस सांगते.

उत्तर : काका, बोल्टचा हिशोब इथे अर्धाच लागू पडतो. सॉफ्ट हाडात बसवताना पकड मिळायला लांबी कामाला येते, खरंय, पण एकदा हाड इम्प्लांटला जुळलं की चावण्याचा ताण काही सगळ्या लांबीवर सारखा पसरत नाही, तो जास्त करून इम्प्लांटच्या मानेशी, हिरडीखाली हाड सुरू होतं तिथेच साचतो आणि सायनसकडच्या टोकापर्यंत त्यातला थोडाच पोचतो. म्हणून मानेवरचा ताण कमी करायला लांबीपेक्षा जाडी जास्त उपयोगी. असं का, ते तुम्ही मशीनवाले म्हणून आकड्यांतच सांगतो, टायटॅनियमचा कडकपणा (जोराखाली न वाकण्याचा गुण) साधारण ११० गिगापास्कल, बाहेरच्या टणक हाडाचा १५ च्या आसपास, आतल्या जाळीदार हाडाचा तर १ किंवा त्याहूनही कमी, आणि वरच्या दाढांकडे नेमकं हे जाळीदारच जास्त असतं, म्हणून भार मानेपाशीच्या टणक हाडावरच येतो.

आता लिफ्टचं. तिने हाड वाढतं ते वर, सायनसच्या आत. खाली हाड झिजलेलं तसंच राहतं, म्हणजे कॅप (इम्प्लांटवर बसणारा कृत्रिम दात) उंचच करावी लागते, आणि आडवा जोर आला की मानेवर तरफेसारखा जोर बसतो तो लिफ्टनंतरही तेवढाच! हे पेशंटला कुणी फारसं सांगत नाही. शिवाय भरलेलं हाड पक्कं व्हायला बरेच महिने जातात, तोवर भार जुन्या ७ मिलिमीटरवरच.

मला विचाराल तर हाडाची रुंदी चांगली असेल तर मी छोटे पण जाड दोन इम्प्लांट घालीन, कॅपा एकमेकींना जोडून, अरुंद आणि वरून चपट्या. एकाच इम्प्लांटवर दोन दाढा लटकवायच्या असं कुणी सुचवलं तर सरळ नको म्हणा, कँटिलिव्हर आहे तो, एका बाजूला आधार आणि दुसरी अधांतरी. हाड ४-५ मिलिमीटरच असतं तर मीही लिफ्टच सांगितली असती. ७ हा आकडा साध्या एक्सरेवरचा असेल तर आधी सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) करून घ्या, रुंदीही त्यातच कळेल.

दात खाण्याचं मात्र हलक्यात घेऊ नका. खऱ्या दाताभोवती ०.२ मिलिमीटरची लवचिक गादी असते, इम्प्लांटला ती नाही, रात्रीचा सगळा जोर थेट हाडावर. कॅप बसली की लगेच नाइट गार्ड (झोपताना दातांवर लावायचं कव्हर) बनवून घ्या आणि रोज लावा.

सायनसची सर्दी चालू असेल तर आधी ती बरी करा, लिफ्ट ठरली तर हे पाळाच.