मोजमाप कोणाच्या हातात?

प्रिय विद्यार्थिनी,

बारावी सायन्स झालं, बाबा टेक्स्टाईल इंजिनिअरिंग म्हणतायत, तुझा ओढा समाजकार्याकडे. "कापडाच्या पैशातलं पिकवणाऱ्याच्या हाती किती येतं?" हा प्रश्न तू पत्रात दोनदा विचारलास, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

शेतकरी बहुतेक ठिकाणी कापूस विकतो वजनावर. 100 किलो कापसातून जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी करताना, साधारण 33 ते 36 किलो रुई निघते. बाकी बहुतांश सरकी. गिरणी मात्र रुई घेताना तंतूची लांबी, ताकद, मायक्रोनेअर (तंतूचा बारीकपणा आणि पक्वता दाखवणारं माप), कचरा असं सगळं तपासते. म्हणजे विकणारा एक गोष्ट मोजतो आणि शेवटचा घेणारा चार. मधल्या ढिगात सगळ्यांचा कापूस एकत्र पडला, की स्वच्छ वेचणीची मेहनतही त्यातच जिरते.

तागाचं तर आणखी नाजूक. कापलेल्या पेंढ्या दोन-तीन आठवडे पाण्यात कुजवायच्या, मग कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून हातांनी साल सोडवायची. कमी कुजला तर सालीचे तुकडे चिकटून राहतात, जास्त कुजला तर तंतू तुटतो, पाणी गढूळ असलं तर काळवंडतो. अख्ख्या हंगामाची प्रत त्या डबक्यात ठरते, आणि तिथे सल्ला द्यायला सहसा कोणी नसतं.

दोरखंडासाठी लावतात त्या घायपाताच्या (सिसलच्या) पानात वापरण्याजोगा तंतू वजनाच्या जेमतेम 4 टक्के. 1960च्या दशकात टांझानिया त्यात जगात आघाडीवर होता. पुढे कृत्रिम दोऱ्या स्वस्त झाल्या आणि मळे बसले. कारणं इतरही होती, पण हे मोठं. आता तिथेच उरलेल्या चोथ्यापासून बायोगॅस काढून दाखवलाय. असली कामं कोण करतं? तंतू आणि यंत्र दोन्ही कळणारी माणसं.

म्हणून बाबांचं ऐक, कारण मात्र तुझं ठेव. टेक्स्टाईल घे, तंतू-परीक्षण हा विषय मनापासून कर, सुट्टीत एखाद्या जिनिंगमध्ये उमेदवारी कर. त्यानंतर ग्रामीण व्यवस्थापन किंवा कृषी अर्थशास्त्र. समाजकार्य कमी दर्जाचं आहे असं मी म्हणत नाही, पण भाव पाडणाऱ्यासमोर आकडा ठेवता आला नाही तर तळमळ कोणी ऐकत नाही. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली 2003 मध्ये श्रीमंत देशांच्या कापूस अनुदानांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत उभे राहिले, तेव्हाही वाद आकड्यांवरच लढवावा लागला. (तुझं गणित बरं आहे ना? गुणपत्रिका पाठवली नाहीस.)

प्रवेश अर्ज भरण्याआधी एक कर. सरकीला चिकटलेल्या कापसाचा चिमूटभर पुंजका घे, दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीत धरून ओढ, तुकडे एकमेकांवर ठेव, पुन्हा ओढ. तंतू सरळ होईपर्यंत. मग काळ्या कापडावर ठेवून पट्टीने मोज आणि किती मिलिमीटर आले ते मला कळव.