वाचक विचारतात: गाडीतल्या न्हाणीत पाणी मधेच गार का पडतं?

नमस्कार. आम्ही एक जुनी मिनीबस घेऊन तिची कॅम्पर व्हॅन करून घेतली. मागे छोटी न्हाणी, १०० लिटरची टाकी, १२ व्होल्टचा पंप, आणि बाहेरून उघडणाऱ्या कपाटात गॅस गीझर, तो ५ किलोच्या सिलिंडरवर. पावसाळाभर गाडी शेडमध्ये होती. चवथ झाल्यावर आंबोलीला गेलो तर शॉवरचं पाणी दहा सेकंद कडकडीत, मग एकदम गार, परत कडकडीत. सासूबाई अर्ध्या आंघोळीतून टॉवेल गुंडाळून बाहेर आल्या. मेकॅनिक म्हणतो गीझर गेला, नवीन घ्या. ह्यांचं म्हणणं वाऱ्याने ज्योत विझते, तर गीझर न्हाणीच्या आतच बसवू. काय करावं?
– एक वाचक, डिचोली

ताई, गीझर आत बसवायचा नाही. बाकी सगळं नंतर बोलू, हे आधी. गॅस गीझर जळताना हवेतला ऑक्सिजन खातो, आणि गाडीतली न्हाणी म्हणजे कपाटाएवढी खोली, दार बंद केलं की दोन मिनिटांत हवा कमी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. सिलिंडर लीक झाला तर वास येतो कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो, कार्बन मोनॉक्साइडला मात्र ना वास ना रंग, रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींनी जास्त घट्ट चिकटतो, माणसाला नुसती झोप आल्यासारखं वाटतं आणि संपलं. साहेबांना सांगा की वारा लागत असेल तर कपाटाला आडोसा करू, पण खालची-वरची जाळी न बुजवता. आणि गाडीत झोपता तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच.

आता गार-गरमचं. मला तरी गीझर गेलेला वाटत नाही. घरी ह्याच गीझरला वरच्या टाकीतून एकसारखं पाणी येतं, गाडीत ते पंपाकडून येतं, आणि खरी मेख तिथेच आहे. ह्या पंपात प्रेशर स्विच असतो, लाइनमध्ये प्रेशर भरलं की पंप बंद, उतरलं की चालू. शॉवर थोडाच उघडला असेल, किंवा पाणी वाचवायला बारीक भोकांचा शॉवर लावला असेल (बहुतेक तुम्ही तेच केलंय), तर पाणी इतकं कमी जातं की पंप सारखा चालू-बंद होतो. गीझरच्या आत एक रबरी पडदा असतो, पाण्याच्या दाबाने तो सरकला की आतला मायक्रोस्विच दबतो आणि बर्नर पेटतो. दाब उतरला की पडदा मागे, ज्योत गुल. म्हणजे पंप थांबला की गीझर थांबतो, तो बिचारा सांगितलेलं काम करतोय.

खात्री करायला काही विकत आणू नका. एकाने शॉवर घ्यायचा, दुसऱ्याने पंपाजवळ कान देऊन बसायचं. पंप गुर्रर्र करून एकसारखा चालला तर ठीक. गुर्र... टक... गुर्र... टक असं चाललं आणि त्याच तालात पाणी गार-गरम झालं, तर झालं निदान. मग शॉवरचं डोकं काढा, नुसत्या पाइपने पाणी सोडून बघा, पंप न थांबता चालला आणि पाणी गरम राहिलं तर दोष त्या शॉवरचा. कायमचा उपाय म्हणजे पंपाच्या पुढे एक छोटी प्रेशर टाकी, तिच्यात हवेचा फुगा असतो, तो पंपाचे धक्के गिळतो. ती नव्या गीझरपेक्षा खूप स्वस्त पडते.

आणखी एक, आपल्याकडचं खारं वारं. पंपाच्या वायरींचे जोड उघडून बघा, हिरवट बुरशीसारखं काही साचलं असेल तर तो तांब्याचा गंज. पंप चालू असताना मल्टीमीटर लावा, बॅटरीवर १२.५ आणि पंपावर १०.५ दिसलं तर दोन व्होल्ट वाटेत खाल्ले गेले, पंपाला जोरच नाही. वायर बारीक असली तरी हेच होतं.

पंप एकसारखा चालूनही त्रास राहिला तरच गीझरकडे वळा. नळ उघडल्यावर गीझर पेटवणाऱ्या ठिणगीची टिकटिक ऐकूच येत नाही? तर सेल उतरलेत (दोन मोठे असतात, पावसाळ्यात आत ठेवले तर पाझरतात पण) किंवा पाणी कमी येतंय, गीझरच्या तोंडाशी बारीक जाळी असते ती धुवा, आमच्या गाडीत एकदा त्यात टाकीचा प्लास्टिकचा भुसा निघाला होता. टिकटिक होते पण पेटत नाही तर गॅस पोचत नाही. पेटतो पण ज्योत पिवळी आणि लांब, तर हवा अडकलीय, आणि शेडमध्ये चार महिने उभ्या गाडीत हे काम हमखास कुंभारीण माशीचं. ती जिथे नळीचं भोक दिसेल तिथे मातीचं घर बांधते. मी मागच्या वर्षी बर्नरच्या नळीतून करंगळीएवढा मातीचा गोळा काढला, आत सुकलेल्या अळ्यांसकट. सिलिंडर बंद करून, गार झाल्यावर, मऊ ब्रशने साफ करायचं, गॅस गीझरचं काम येणारा माणूस असेल तर त्याच्याकडूनच. जेटच्या (बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीच्या) भोकात सुई घालू नका, भोक मोठं झालं की ज्योत कायमची बिघडते.

आणि ५ किलोचा सिलिंडर. मिनिटाला ६ लिटरचा गीझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण एक किलो गॅस पितो. थंडीत, सिलिंडर अर्ध्याखाली आला की आतला गॅस तितक्या वेगाने वाफ होत नाही, सिलिंडरला बाहेरून घाम सुटतो आणि ज्योत मलूल पडते. आंबोलीसारख्या जागी एकामागून एक चौघांच्या आंघोळी नकोत, मधे दहा मिनिटं जाऊ द्या.

आमच्या कॅराव्हॅनमध्ये टाकीवाला हीटर आहे, २२ लिटरचा, गॅस आणि करंट दोन्हीवर. हीटरचा पाइप हात लावला तर भाजतो पण बेसिनला कोमटच पाणी येतं.
– एक वाचक, काणकोण

पाइप भाजतोय म्हणजे हीटर काम करतोय, गार पाणी वाटेत मिसळतंय. बाहेर पाय धुवायचा शॉवर आहे ना? समुद्रावरून आल्यावर मुलं त्याचं बटण बंद करतात, पण मागचे गरम-गार दोन्ही नळ उघडेच ठेवतात, मग गारचं पाणी तिथून गरमच्या लाइनमध्ये शिरतं. ते दोन्ही नळ घट्ट बंद करून बघा. नाही जमलं तर हीटरच्या मागचा बायपास व्हॉल्व्ह (पाणी हीटरला वळसा घालून पुढे सोडणारा) बघा, सर्व्हिसिंगच्या वेळी कोणी फिरवून तसाच सोडला असेल. आणि टाकी रिकामी असताना करंटचं बटण कधी दाबू नका, कॉइल क्षणात जळते. आधी गरमचा नळ उघडून हवा फुसफुसून संपेपर्यंत पाणी येऊ द्या, मगच स्विच.

घरचा १५ लिटरचा २ किलोवॉटचा गीझर गाडीत इन्व्हर्टरवर चालेल का? १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी आहे.
– एक वाचक, फोंडा

पाणी तापायला लागणारी वीज काही फार नाही, २७ डिग्रीवरून ५० वर न्यायला १५ लिटरला बारा-तेरा मिनिटं. भानगड करंटची आहे. २००० भागिले १२ म्हणजे १६७ अँपिअर, वर इन्व्हर्टरचा तोटा. ट्युब्युलर बॅटरीचा व्होल्टेज इतक्या ओढीला धपकन पडतो, इन्व्हर्टर किंचाळतो आणि ट्रिप होतो. ५०० वॉटची कॉइल बसवलीत तर पाऊण तासाने पाणी होईल पण बॅटरी जगेल, कॉइल मात्र इलेक्ट्रिशियनकडून बदला, अर्थिंगसकट. नाहीतर गोव्यातल्या गोव्यात फिरताय तर दुपारी काळा कॅन पाण्याने भरून टपावर ठेवा, चारला खाली उतरवताना हात भाजला तर मला सांगा.