चिंगीला डोंगरात न्यायचंय

प्रश्न : आमची तीन वर्षांची गावठी कुत्री, चिंगी, रोज तासभर फिरते. तिच्यासोबत डोंगरात जायचं आहे, एक रात्र तंबूतही राहायचं आहे. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुमच्या उशालाच वेताळ टेकडी आहे. महिनाभर पहाटे तीच चढा-उतरा. मग राजमाचीचा किल्ला. लोणावळ्याहून वाट साधारण 15 किलोमीटरची, लांबलचक पण फार चढाची नाही. मुक्काम किल्ल्याखालच्या उधेवाडी गावात, तंबू ठोकून करा. कुत्रं चालेल का, हे मात्र जागेच्या मालकांना आधीच विचारा. गावात गुरं-कोंबड्या असतात, तेव्हा साखळी सोडू नका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस योग्य. माझ्या शेरूला मी एकदा मार्चमध्ये नेलं. अकराच्या सुमारास तो कातळावर पुढचा पाय उचलून उभाच राहिला. बघतो तर तळव्याची गादी सोलवटलेली. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून आधी माझा हात पालथा करून कातळावर पाच-सात सेकंद टेकवतो. मला सोसलं नाही, तर ऊन उतरेपर्यंत आम्ही सावलीतच.

रात्री चिंगीला तंबूच्या आतच झोपवा. बिबट्या कुत्र्यावर टपलेला असतो, बाहेर बांधून ठेवणं म्हणजे तिचा जीव धोक्यात घालणं. परतल्यावर कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा.

भीमाशंकरला मात्र नेऊ नका. ते अभयारण्य आहे, आपल्या कुत्र्यांचे आजार रानातल्या जनावरांना लागतात.